ओपन सोर्स हॅन्डहेल्ड कन्सोल घ्यावा का? पैसे द्यायच्या आधी काय काय बघायचं

हॅन्डहेल्ड कन्सोल म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं गेमयंत्र, आणि ओपन सोर्स म्हणजे ज्याचा आराखडा किंवा कोड कोणालाही बघता, बदलता येतो असं. आधी सरळ उत्तर देतो. गेमबॉय, सेगा, प्लेस्टेशन १ पर्यंतचे जुने गेम मनापासून खेळायचे असतील आणि मेमरी कार्डवर स्वतः सॉफ्टवेअर टाकायला एखादी संध्याकाळ द्यायची तयारी असेल तर जरूर घ्या, पैसे वसूल होतात. पण घरातल्या पोराला फ्री फायर नाहीतर बीजीएमआय खेळायचंय म्हणून घेत असाल तर अजिबात नको, ते यावर चालतच नाहीत आणि दोन दिवसांत तो कन्सोल कपाटात जाऊन पडेल.

ओपन सोर्स म्हणून जे विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला आर्डुबॉयसारखा. क्रेडिट कार्डएवढा, २०१५ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आधी पैसे गोळा करून वस्तू बनवायची साइट) आलेला, १२८ बाय ६४ पिक्सेलचा काळापांढरा स्क्रीन आणि फक्त अडीच केबी रॅम. सर्किटपासून लायब्ररीपर्यंत सगळं उघडं आहे. यावर मारियो खेळायचा नसतो, स्वतः गेम लिहायचा असतो. ८१९२ पिक्सेल, प्रत्येकाला एक बिट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र ठेवायलाच १ केबी जातो, रॅमचा ४० टक्के हिस्सा तिथेच संपला, उरलेल्या दीड केबीत खेळाडू, शत्रू, स्कोअर सगळं बसवायचं. आठवी-नववीतल्या, कोडिंगची आवड असलेल्या मुलाला याच्याइतकं चांगलं काही देता येईल असं मला वाटत नाही, कारण कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते इथे लपवायला जागाच नाहीये.

दुसरा प्रकार म्हणजे ॲनबर्निक, मियू, पॉवकिडी वगैरे चिनी कंपन्यांचे कन्सोल. बहुतेक लोक विचारतात ते यांच्याबद्दल. यांचं हार्डवेअर काही ओपन नसतं, आत लिनक्स (एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) असतं आणि वर रेट्रोआर्चसारखे ओपन सोर्स इम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारे प्रोग्रॅम. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कामचलाऊ असतं आणि पुढचं मॉडेल आलं की आधीच्याकडे कोणी फारसं बघत नाही. खरा जीव येतो तो जगभरातल्या लोकांनी मोकळ्या वेळात लिहिलेल्या फर्मवेअरमुळे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमुळे. मियू मिनी प्लसला ओनिअन ओएस हे असंच एक फर्मवेअर टाकलं की तोच कन्सोल वेगळा वाटायला लागतो, गेम जिथे सोडला तिथूनच उघडतो, मेन्यूचं बटण दाबून एका गेममधून दुसऱ्यात जाता येतं.

म्हणून माझं ठाम मत असं की कन्सोल निवडताना आधी फर्मवेअर बघा आणि मग यंत्र. गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) जा, फर्मवेअरचं शेवटचं रिलीज कधीचं आहे बघा, तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत नावानिशी आहे का बघा (एका अक्षराचा फरकसुद्धा चालत नाही, ॲनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्स आणि आरजी३५एक्सएक्स एच यांच्या चिप वेगळ्या आहेत), आणि कोड खरंच उघडा आहे का तेही बघा. हे शेवटचं लोक सोडून देतात. २०२४ मध्ये जेलॉस नावाचं फर्मवेअर बंद झालं, कोड बंद कपाटात असता तर ते वापरणारे सगळे तिथेच अडकले असते, पण तो सगळ्यांसमोर होता म्हणून त्यावरूनच रॉकनिक्स उभं राहिलं आणि लोकांचे कन्सोल चालू राहिले. ओपन सोर्सचा गिऱ्हाइकाला होणारा खरा फायदा हाच. चिपच्या बाबतीत रॉकचिप आरके३५६६ असलेलं मॉडेल मिळालं तर मी ते आधी घेईन, कारण त्या चिपला मूळ लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आधार आहे आणि कंपनीच्या मर्जीवर फारसं राहावं लागत नाही.

अजून एक, आगाऊ पैसे देऊन वर्षानुवर्षं वाट बघायच्या भानगडीत पडू नका. कोरियाचा जीपी२एक्स हा कन्सोल २००५ मध्ये आला, लिनक्सवर चालायचा, दोन पेन्सिल सेलवर, त्याच्या चाहत्यांमधून पुढे पँडोरा नावाच्या कन्सोलची कल्पना निघाली. छोटा कीबोर्ड, ८०० बाय ४८० चा टचस्क्रीन, खिशातला लिनक्स कॉम्प्युटरच म्हणा. ऑर्डर २००८ मध्ये घेतल्या आणि यंत्रं २०१० मध्ये यायला लागली, तीही हळूहळू. त्या लोकांची जिद्द मोठी होती यात शंका नाही, पण पैसे तुमचे आहेत, तयार असलेली आणि लोकांच्या हातात पोचलेली वस्तूच घ्या.

स्क्रीनचं गणित मात्र नीट करा, कारण दुकानदार फक्त इंच सांगतो. प्लेस्टेशन १ चे बरेच गेम ३२० बाय २४० चे, ते ६४० बाय ४८० च्या स्क्रीनवर बरोबर दुप्पट होतात, एका पिक्सेलचे चार, चित्र एकदम स्वच्छ. गेमबॉय ॲडव्हान्स २४० बाय १६० चा, तो त्याच स्क्रीनवर दुप्पट केला तर ४८० बाय ३२०, म्हणजे चारी बाजूंनी काळी पट्टी, आणि ताणून पूर्ण रुंदी भरली तर पिक्सेल लहानमोठे होऊन चित्र सरकताना कडा थरथरल्यासारख्या दिसतात. पॉवकिडी आरजीबी३० चा चौकोनी स्क्रीन ७२० बाय ७२० चा, तिथे ॲडव्हान्स तिप्पट होऊन रुंदीला चपखल बसतो. तुम्ही जास्त काय खेळणार ते ठरवा आणि त्या हिशोबाने स्क्रीन घ्या. पीएसपी किंवा निन्टेन्डो ६४ साठी घेत असाल तर या किमतीत थांबा, काही गेम चालतात, काही अडखळतात, मन भरत नाही.

पार्सल आलं की पहिलं काम म्हणजे सोबत आलेलं मेमरी कार्ड बाजूला काढा. ती बिननावाची कार्डं असतात, कधी जातील नेम नाही, आणि एक दिवस सेव्ह केलेली सगळी प्रगती घेऊन जातात. चांगल्या कंपनीचं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड विश्वासाच्या दुकानातून घ्या. ओनिअनसाठी कार्ड फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करून फाइल नुसत्या कॉपी करायच्या. रॉकनिक्ससाठी मात्र इमेज फाइल (आख्खं फर्मवेअर असलेली एकच फाइल) कॉम्प्युटरवरच्या एचर किंवा रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमने कार्डवर लिहावी लागते, तिथे ड्राइव्ह निवडताना दोनदा बघा, चुकून बाहेरची हार्डडिस्क निवडली तर तीच पुसली जाईल.

चार्जिंगचं पण सांगतो. कन्सोल नवीन आहे आणि चार्जच होत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा कन्सोल ठीक असतो. स्वस्त यंत्रांत यूएसबी-सी पोर्टमागचे ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर कधीकधी गाळलेले असतात, मग दोन्हीकडे सी असलेली केबल लावली की चार्जर वीजच सोडत नाही. जुना मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर आणि एका बाजूला चपटी मोठी पिन असलेली केबल लावा, काम होतं.

गेम कुठून आणायचे? कार्डात भरून येणारे हजारो गेम पायरेटेड असतात, ते बिनधास्त पुसून टाका, तसेही त्यातले काही उघडत नाहीत. कायदेशीर आणि फुकट असं खूप आहे, फ्रीडूम हा गोळीबाराचा गेम आहे, २००४ चा केव्ह स्टोरी आहे जो एका माणसाने कित्येक वर्षं खपून बनवला आणि फुकट दिला, शिवाय गेमबॉयसाठी आजही लोक नवे गेम बनवतायत आणि काहीजण ते फुकट वाटतात. पोर्टमास्टर (कॉम्प्युटरचे गेम या कन्सोलवर चालवायला मदत करणारं सॉफ्टवेअर) टाकलंत तर कॉम्प्युटरसाठी विकत घेतलेल्या काही गेमच्या फाइल कॉपी करून तेही इथे चालतात, स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम लोकलमध्ये उभ्याउभ्या खेळता येतो.

किंमत साधारण ५० ते ८० डॉलर धरा, वर शिपिंग, कस्टम ड्युटी आणि जीएसटी, शिवाय कुरिअरवाले केवायसीची कागदपत्रं मागतात. अलीएक्सप्रेसचं ॲप भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे इथल्या विक्रेत्याकडून घ्यावं लागतं किंवा कंपनीच्या साइटवरून. इथला विक्रेता थोडे जास्त घेत असेल तरी बिल आणि बदलून देण्याची हमी देत असेल तर मी त्याच्याकडूनच घेईन, बटण चिकटलं किंवा स्क्रीनवर डाग निघाला तर चीनमध्ये शेन्झेनला परत पाठवायचा खर्च परवडत नाही.

अजून मन होत नसेल तर फोनवर रेट्रोआर्च टाका, फुकट आहे, ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर तो जोडा आणि एकच गेम निवडून शेवटपर्यंत खेळून बघा. तो पूर्ण झाला आणि पुढचा शोधावासा वाटला तर ऑर्डर करा.