भरतीची तयारी: सगळं रोज नको, आलटून-पालटून करा

पोलीस भरतीसाठी रोज १६०० मीटर, रोज गोळा, रोज जोर-बैठका असं चालू ठेवलं की सुरुवातीला टायमिंग भराभर सुधारतं आणि मग एकाच आकड्यावर अडून बसतं. त्यापेक्षा एका वेळी एकाच गोष्टीवर भर द्या, बाकीच्या फक्त टिकवा.

भिंतीवरचं कॅलेंडर आणि तीन रंगांची पेनं घ्या. १२ आठवडे रंगवा:

१. आठवडे १ ते ४, पाया: ३ दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश ३०-४० मिनिटं धावा. २ दिवस जोर, बैठका, हलकी वजनं.

२. आठवडे ५ ते ८, ताकद: वजनं ३ दिवस. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), शोल्डर प्रेस (खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलणं). ५ रिपचे ४ सेट, म्हणजे सलग ५ वेळा उचलायचं, असं ४ वेळा. धावणं २ दिवस.

३. आठवडे ९ ते १२, वेग: ४०० मीटरच्या ४ फेऱ्या, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. दुसऱ्या दिवशी ३०-६० मीटर स्प्रिंट आणि परीक्षेतलाच गोळा (मुलांना ७.२६० किलो, मुलींना ४). वजनं आठवड्यातून एकदाच, पण बंद नको.

दर चौथा आठवडा हलका: अंतर आणि सेट निम्मे. हा आठवडा सगळे गाळतात, मीही गाळायचो. म्हणून तो आधीच रंगवून टाका.

मैदानी चाचणीची तारीख आली नसेल तर पुन्हा पहिल्यापासून, वजन थोडं वाढवून.

नडगीत एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.