जुनी ‘थ्री-नॉट-थ्री’ घेताय? या चुका टाळा

पोलीस ठाण्याच्या दारात, बँकेच्या पहाऱ्यावर, संचलनात आपण लहानपणापासून ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजे .३०३ काडतुसाची ली-एनफिल्ड रायफलच पाहत आलो. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला जुन्या लष्करी रायफलींच्या दुकानात ती दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो. त्यातल्या कितीतरी तर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात घडलेल्या असतात. ही ओढ मला मनापासून कळते, म्हणूनच सांगतो: पैसे मोजण्याआधी थांबा.

सगळ्यात आधी व्हिसा बघा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे. चालू शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही त्यात येतं. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही, पण राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. आणि पुढेमागे ती भारतात आणू, असं मनातही आणू नका. आपल्याकडे .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात मोडते.

दुसरी चूक म्हणजे लाकडाच्या चकाकीवर भाळणं. दस्त्याआधी लोखंड बघा. बोल्टवरचा (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक एकच आहे का? ‘डीपी’ असा शिक्का असेल तर ती फक्त कवायतीसाठी ठेवलेली रायफल आहे. भिंतीवर लावा, पण तिच्यातून गोळी कधीही झाडू नका. पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर ती बहुधा ग्रेनेड फेकायला वापरलेली असते. तीही नकोच.

क्रमांक जुळले तरी हेडस्पेस मोजून घ्या, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला किती जागा उरते ते. .३०३ साठी ०.०६४ इंचाच्या गेजवर (काडतुसाच्या जागी ठेवायच्या मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. जागा जास्त असेल तर काडतुसाची पितळी पुंगळी ताणली जाते आणि कधीतरी बुडापाशी तुटून तप्त वायू मागे येतो. झाडलेल्या पुंगळीवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, तर गोळीबार तिथेच थांबवा. ली-एनफिल्डच्या नंबर ४ मॉडेलमध्ये बोल्टचं डोकं ० ते ३ अशा मापांत मिळतं, म्हणून दुरुस्ती सोपी. आधीच्या नंबर १ मार्क ३ ला अशी क्रमवार मापं नाहीत. तिथे जाणकार गनस्मिथच हवा.

इशापूरची २ए आणि २ए१ मॉडेलं दिसायला जुन्या थ्री-नॉट-थ्रीसारखीच, पण ती ७.६२ नाटो काडतुसाची आहेत. ओळख सोपी आहे: मॅगझिन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. दुकानातलं .३०८ विंचेस्टर, म्हणजे त्याच मापाचं नागरी काडतूस, त्यातून चालवावं का यावर वाद आहे. माझं मत विचाराल तर चालवू नका, नाटोचंच वापरा.

आता सर्वांत जास्त रायफली जिने खराब केल्या, ती चूक. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत (बार पेटवणाऱ्या प्रायमरमध्ये) पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी सुटली की त्याचं क्षारात रूपांतर होतं, ते नळीत बसतं, हवेतला ओलावा शोषतं आणि एका रात्रीत गंज धरतो. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं तर ते आपल्या खडकीचं काडतूस. अभिमान वाटेल, पण जुन्या मालात तेही याच जातीचं समजा. लोक तेल लावून मोकळे होतात. तेलात क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्याच दिवशी बोल्ट काढून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने नरसाळ्याने उकळतं पाणी नळीतून ओता, बोल्टचं डोकंही धुवा, कोरड्या चिंध्यांनी पुसा आणि मगच तेल द्या. ब्रिटिश फौजेतही हीच पद्धत होती.

चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही, तर बोल्ट लगेच उघडू नका. जुना बार उशिराही पेटतो. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. असं वारंवार होत असेल तर बोल्टच्या आत साठवणुकीचं जुनं ग्रीस गोठून टोपीवर आदळणारी फायरिंग पिन अडत असेल. ते पूर्ण काढा. मॅगझिनमध्ये गोळ्या अडकत असतील तर भरताना लक्ष द्या: वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे हवी.

नेम पसरतोय? बहुतेक वेळा दोष लाकडाचा असतो: वाळून आकसलेलं, धातूला नीट न टेकणारं. काडतुसं स्वतः भरत असाल तर .३०८ ची गोळी या नळीत सैल बसते; .३११ किंवा .३१२ हवी. आणि सगळ्या गोळ्या एकत्र, पण नेम धरलेल्या जागेच्या वर लागत असतील, तर रायफल बिघडलेली नाही. यातल्या बहुतेक रायफलींच्या साइटवरची सर्वांत खालची खूण २०० यार्डांची असते. १०० यार्डांवर नेम जरा खाली धरा.