घरचा पोहण्याचा तलाव: खर्च मांडायचा तो मापांवरून

तलावाचा खर्च चौरस फुटाच्या दराने विचारला की उत्तर लगेच मिळतं आणि बहुतेक वेळा चुकतं. लांबी-रुंदी तीच ठेवून खोली, जमीन किंवा भूजलाची पातळी बदलली, तरी आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून आधी प्रत्येक कामाचं माप कागदावर काढायचं आणि मगच त्याला आपल्या भागातले दर लावायचे.

उदाहरणाला ८ × ४ मीटरचा आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचा) तलाव घेऊ. एका टोकाला १.१ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर पाणी, म्हणजे सरासरी १.३ मीटर. पाणी भरतं ४१,६०० लिटर. पाण्याच्या पातळीवर भिंत आणखी १५ सेंमी, भिंती आणि तळ २० सेंमी जाडीचे. जाडी आणि सळईचा अंतिम निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. ही फी वाचवायची जागा नव्हे.

खोदाईत पहिला अंदाज कोसळतो. तलावाच्या आतल्या मापाने हिशेब केला तर ४२ घनमीटर येतात. प्रत्यक्षात शटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) ठोकायला भिंतीबाहेर चहूबाजूंनी ६० सेंमी मोकळी जागा लागते. तळाखाली १५ सेंमी सोलिंग (दगडांचा थर) आणि १० सेंमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) येतं. खड्डा होतो ९.६ × ५.६ मीटर आणि सरासरी १.९ मीटर खोल, म्हणजे १०२ घनमीटर, साधारण ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). भरावासाठी २८ घनमीटर बाजूला ठेवले, तरी उरलेली माती सुटी झाल्यावर २५ ते ३० टक्के फुगते आणि ९५ घनमीटरच्या आसपास वाहून न्यावी लागते. वाहतुकीचा दर या फुगलेल्या मापावर लागतो. कातळ लागला तर ब्रेकरचं भाडं तासावर चढत जातं, आणि काळी चिकण माती निघाली तर ती काढून मुरूम भरावा लागतो.

हे आधी कळण्यासाठी तळाच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर खोल चाचणी खड्डा घ्या, शक्यतो पावसाळा संपताना. आत उतरू नका, वरूनच बघा. दोन दिवसांत पाणी कुठवर चढतं, त्यावर खूण करा.

ती खूण महत्त्वाची का, ते वजनावरून कळतं. या तलावाचं काँक्रीट पायऱ्यांसह १५ घनमीटरपेक्षा थोडं जास्त, म्हणजे सुमारे ३७ टन. तळाचं बाहेरचं क्षेत्रफळ ३७ चौरस मीटर. रिकाम्या तलावाच्या भोवती तळाच्या खालच्या बाजूपासून फक्त १ मीटर पाणी साचलं, तरी पाण्याचा वरचा रेटा वजनाइतका होतो आणि अख्खा तलाव नावेसारखा उचलला जातो. भूजल वर असलेल्या जागीच हे घडतं असं नाही. बांधकाम अर्धवट असताना एका मुसळधार पावसात बाजूच्या मोकळ्या जागेत पाणी साचतं, तेवढं पुरतं. खड्ड्याच्या कोपऱ्यात पाणी गोळा व्हायला एक छोटा खड्डा आणि उपसा पंप कायम तयार ठेवा. मुख्य ड्रेनमध्ये (तळातल्या पाणी ओढणाऱ्या तोंडात) हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला की बाहेरचा दाब वाढल्यावर पाणी आत येतं आणि तलाव जागचा हलत नाही.

काँक्रीट एम३० ताकदीचं धरा. नासधुशीसह १६ घनमीटर, शिवाय पीसीसीला ४. साइटवर कालवायचं तर दर घनमीटरला साधारण ८ गोणी सिमेंट. दर्जा सारखा राहावा म्हणून कारखान्यातून तयार येणारं रेडीमिक्स बरं, पण ते दोनदा येतं: एकदा तळाला, एकदा भिंतींना. पंपाचं भाडंही दोनदा धरा. १० मिमी सळई १५ सेंमी अंतरावर, दोन्ही दिशांनी आणि दोन्ही थरांत टाकली तर जोड आणि कोपरे धरून १.४ टनाच्या आसपास लागते. भिंतींचं शटरिंग दोन्ही बाजू मिळून ७२ चौरस मीटर.

गळती मधल्या भागातून क्वचित होते, ती सांध्यातून होते. तळासोबतच भिंतीचा १५ सेंमी उंचीचा पट्टा ओता आणि त्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (सांध्यात पाणी अडवणारी पट्टी) अर्धा गाडून अर्धा वर ठेवा. घेरासाठी २६ मीटर पुरतो. व्हायब्रेटर चालवताना तो वाकला तर पट्टी असून नसल्यासारखी. भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला पडल फ्लँज (काँक्रीटमध्ये गाडली जाणारी, पाझर अडवणारी चकती) हवा. शटरिंगच्या टायसाठी (साच्याच्या दोन बाजू बांधून ठेवणाऱ्या सळ्यांसाठी) पाइपचे तुकडे आरपार घालू देऊ नका. नंतर बुजवलेलं तेच भोक वर्षभरात पाझरतं.

१४ दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) झालं की बाजूचा भराव करण्याआधी पाणी भरून चाचणी घ्या, म्हणजे पाझर बाहेरून दिसेल. पहिले तीन दिवस काँक्रीट स्वतःच पाणी पितं, ते मोजू नका. मग त्याच पाण्याने भरलेली बादली पायरीवर ठेवून आत-बाहेर दोन्ही पातळ्यांवर खूण करा. २४ तासांनी तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल, तर ते बाष्पीभवन नाही. भराव २० ते ३० सेंमीच्या थरांनी, धुम्मस करत. एकदम ओतलेला मुरूम पुढे बसतो आणि वरच्या फरशा घेऊन खाली जातो.

वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सचं क्षेत्रफळ ६७ चौरस मीटर, कापाकापीसह ७४. टाइल्सच्या फटी भरायचं ग्राउट इपॉक्सीचं घ्या.

६ तासांत सगळं पाणी एकदा गाळायचं तर तासाला ७ घनमीटर लागतात. त्याला पाऊण ते एक एचपीचा पंप, ६०० मिमी व्यासाचा सँड फिल्टर आणि सुमारे दीडशे किलो सिलिका वाळू. पंपाकडे पाणी ओढणारा सक्शन पाइप ६३ मिमीचा ठेवा. मोठा पंप घेऊन फायदा नाही. वाळूतून पाणी जोरात गेलं की गाळ अडकत नाही. मुख्य ड्रेन एकमेकांपासून मीटरभर अंतरावर दोन असावेत. एकच असला तर त्यावर शरीर चिकटून माणूस अडकू शकतो. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, आणि वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचसह).

अंदाजपत्रकात हमखास राहतो तो भोवतालचा भाग. १.२ मीटर रुंदीची फरसबंदी केली तर ती ३६ चौरस मीटर भरते. पाण्याचा पृष्ठभाग ३२! पंपाची खोली, बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं) पाणी सोडायची लाइन, कुंपण, पहिल्यांदा भरायचं पाणी आणि परवानगीची फी स्वतंत्र ओळींत लिहा. चाचणी खड्डा घेतला असेल तर एकूण रकमेवर १० ते १५ टक्के राखीव, घेतला नसेल तर २०.

बजेट हाताबाहेर जात असेल तर टाइल्सचा दर्जा उतरवण्याआधी खोली तपासा. खोली सगळीकडे ३० सेंमीने कमी केली की खोदाई १६ घनमीटर, टाइल्स ७ चौरस मीटर आणि पाणी ९,६०० लिटर घटतं. शिवाय भिंतीवरचा मातीचा दाब उतरतो, पंपही लहान चालतो. सूर मारायचा नसेल तर घरच्या पोहण्याला सव्वा मीटर पाणी भरपूर झालं. अर्थात इतक्या उथळ तलावाच्या काठावर ‘सूर मारू नये’ असं ठळक लिहाच.

पाऊण किलोवॉटचा पंप ८ तास चालला तर रोज ६ युनिट वीज. उन्हाळ्यात पातळी रोज ५ मिमी उतरली तर १६० लिटर पाणी गेलं, आणि तीन मिनिटांच्या एका बॅकवॉशला ३५० लिटर जातात. पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) राखा. पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीनचा बराचसा जोर जातो, आणि हिरवं पाणी पाहून आणखी क्लोरीन ओतण्यात पैसे जातात. आधी पीएच उतरवा, मग क्लोरीन.