उन्हाळ्याच्या तोंडावर तळ्याचा काठ तपासा : पाण्यावर येणाऱ्या पक्ष्या-प्राण्यांच्या सुरक्षिततेसाठी सल्ला

उन्हाचा ताव वाढू लागला की ओढे, डबकी आणि ओलसर जागा एकामागून एक आटत जातात, आणि बागेतील तळे, शेततळे किंवा ठिबकसाठी बांधलेली उघडी टाकी हाच आसपासच्या पक्ष्या-प्राण्यांचा पाण्याचा शेवटचा आधार उरतो. नेमक्या याच दिवसांत तळ्याची पातळी खाली गेलेली असते, काठाचा उभा भाग उघडा पडलेला असतो आणि पाणी प्यायला उतरलेल्या जीवाला परत वर येता येत नाही. तळ्यात प्राणी मेला की पाणी खोल होते म्हणून मेला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक प्राण्यांना पोहता येते. बाहेर पडायला वाट सापडत नाही म्हणून ते दमतात आणि मग बुडतात. त्यामुळे या हंगामात तळ्यावर वेळ आणि पैसा खर्च करायचा असेल, तर तो आधी काठावर करावा. कारंजे, कमळे आणि शोभेचे दगड नंतर आले तरी चालतील.

काठ आणि बाहेर पडण्याची वाट

सर्वांत जास्त धोका प्लॅस्टिकच्या कागदाचे अस्तर घातलेल्या, तिरक्या पण सरळसोट बाजूंच्या तळ्यात असतो. कोरडा असताना हा कागद फारसा निसरडा वाटत नाही. पण पाण्याच्या रेषेलगत शेवाळाचा पातळ थर बसला की ससा, खार, मुंगूस, कुत्रा यांपैकी कोणाचेही नख त्यावर रुतत नाही. माणसाचाही पाय तिथे ठरत नाही, म्हणून अशा तळ्याच्या काठी गाठी मारलेला जाड दोर भक्कम खुंटाला बांधून पाण्यात सोडलेला असावा, हे ओघाने सांगायला हवे.

पाण्यात पडलेला प्राणी कसा वागतो हे एकदा नीट पाहिले, तर उपाय कुठे करावा हे आपोआप कळते. तो तळ्याच्या मध्याकडे जात नाही. नाक पाण्याबाहेर ठेवून तो काठाला अंग लावून पोहत राहतो, थोड्या थोड्या अंतरावर पुढचे दोन पाय वर टाकून पाहतो, घसरतो आणि पुन्हा तसाच पुढे सरकतो. म्हणून केवळ एक फळी पाण्यात तिरकी सोडून दिली आणि तिच्या व भिंतीच्या मध्ये फट राहिली, तर प्राणी त्या फटीतून फळीच्या खालून निघून जातो आणि वाट हाताशी असून बुडतो. उतरंड, म्हणजे प्राण्याला वर चढून येण्यासाठी केलेली तिरकी वाट, भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटून बसलेली असावी, शक्यतो कोपऱ्यात असावी, आणि मोठ्या तळ्यात प्रत्येक बाजूला किमान एक असावी. तिचा चढ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. सोप्या हिशोबाने, एक फूट उंचीसाठी दोन फूट आडवी लांबी धरावी. तिचे खालचे टोक आजच्या नव्हे, तर भर उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरेल त्या पातळीच्याही खाली पोहोचले पाहिजे. पाणी भरलेले असताना तयार केलेल्या बऱ्याच उतरंडी इथेच फसतात : दोन महिन्यांनी त्यांचे टोक हवेत लोंबकळते.

उतरंडीसाठी आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी, काथ्याची जाड चटई किंवा दोरखंडाची जाळी चालते. जाळी वापरल्यास ती घट्ट विणीची असावी, नाहीतर पाय अडकतात. गोणपाट स्वस्त पडते, पण ते एका हंगामात कुजते, हे धरून चालावे. वजनासाठी वाळूची पोती ठेवावीत, खिळे किंवा टोकदार दगड वापरू नयेत. उतरंडीखाली जुन्या कागदाचा दुहेरी तुकडा अंथरला की मूळ अस्तराला छिद्र पडत नाही. पातळी रोज बदलणाऱ्या तळ्यात फळीचे वरचे टोक काठाला बिजागरीने जोडून खालच्या टोकाखाली बूच घट्ट लावलेले रिकामे डबे बांधावेत, म्हणजे फळी पाण्याबरोबर खालीवर होत राहते. शेतीच्या औषधांचे रिकामे डबे मात्र या कामाला कधीही घेऊ नयेत.

नवे तळे खोदायचे असेल तर निदान एक बाजू पसरट ठेवावी. एक फूट खोली येण्यासाठी तीन फूट रुंदी दिली तर पुढे कोणत्याही उतरंडीची गरज उरत नाही, आणि त्या उथळ भागात खडबडीत गोटे व जाडी वाळू टाकली की पक्षी तिथेच अंघोळीला उतरतात. लहान पक्ष्यांना अंघोळीसाठी २ ते ५ सेंटिमीटर पाणी पुरते. त्याहून खोल पाण्यात त्यांचे पाय टेकत नाहीत, आणि पिसे भिजून जड झालेल्या पक्ष्याला लगेच उडता येत नाही. मधमाश्यांना तर तेवढेही पाणी जास्त होते. त्यांच्यासाठी पाण्याबाहेर डोके काढणारे गोटे, बुचाचे तुकडे किंवा तरंगते लाकूड असावे. याउलट पाकोळ्या आणि वटवाघळे उडता उडता पाण्याच्या पृष्ठभागावरून घोट घेतात, त्यामुळे त्यांना तळ्याचा मधला भाग मोकळा लागतो. तळ्यावरून आडव्या तारा, दोऱ्या किंवा चमकत्या पट्ट्या बांधल्या तर त्या अंधारात त्यांच्या वाटेत येतात. पाण्यात पडलेले वटवाघूळ पाण्यावरून बहुधा थेट उडू शकत नाही. तेही काठ गाठून वर चढायला धडपडते, म्हणजे त्यालाही लागते ती उतरंडच.

ज्या शेततळ्याच्या बाजू उभ्या आणि पाणी खोल आहे, तिथे वन्यजीवांना बोलावण्यापेक्षा त्यांना बाहेर ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुंपणाच्या तळाशी दीड-दोन फूट उंचीपर्यंत बारीक छिद्रांची तारेची जाळी जमिनीत थोडी पुरून लावावी आणि कुंपणाबाहेर उथळ, खडबडीत तळाचे पाणवठे ठेवावेत. बेडूक, साप आणि सरडे तरीही कुठून ना कुठून आत येतातच, म्हणून कुंपण घातले तरी आतली उतरंड काढू नये. पाणवठा दाट झुडपाला अगदी खेटून ठेवू नये, कारण मांजर तिथेच दबा धरून बसते. दोन-तीन मीटर मोकळी जागा आणि त्यापलीकडे बसायला फांदी, अशी मांडणी पक्ष्यांना मानवते.

जाळीचा प्रश्न

पाने पडू नयेत किंवा मासे उचलले जाऊ नयेत म्हणून तळ्यावर नायलॉनची जाळी पसरण्याची पद्धत आहे. बारीक तंगूसाची, मोठ्या छिद्रांची आणि सैल सोडलेली जाळी हा पक्ष्यांसाठी आणि विशेषतः सापांसाठी सापळाच असतो. साप पुढे घुसत जातो, पण खवल्यांमुळे त्याला मागे येता येत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरील जाळीचे छिद्र पूर्ण ताणलेल्या स्थितीत ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, असा नियम केला. तळ्यासाठीही तेच माप धरावे. करंगळी आरपार जात असेल तर ती जाळी नको. पांढरी, जाड विणीची जाळी चौकटीवर ताणून पाण्यापासून वर बसवावी, तिची टोके जमिनीवर लोळू देऊ नयेत आणि रोज सकाळी एक फेरी मारावी. फाटलेली जाळी शेतात टाकून देऊ नये, कारण ती तिथेही जीव अडकवत राहते.

पाण्यात काय मिसळते

सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशके मासे आणि जलकीटकांना अत्यंत विषारी आहेत, आणि इमिडाक्लोप्रिड जलकीटक व मधमाश्या दोघांनाही घातक आहे. तळ्यावर येणारे अनेक पक्षी याच किड्यांवर जगतात. फवारणीचा पंप तळ्यात किंवा तळ्याकडे वाहणाऱ्या चरात धुऊ नये, वारा तळ्याच्या दिशेने असताना फवारणी करू नये, आणि तळ्याभोवती काही मीटर रुंदीचा गवताचा पट्टा फवारणीविना सोडावा. दाणेदार कीटकनाशके आणि औषध लावलेले बियाणे जमिनीवर सांडले तर पक्षी ते टिपतात, म्हणून ते लगेच मातीआड करावे. विद्राव्य खते कालवलेली पिंपे आणि ठिबकच्या टाक्या उन्हाळ्यात झाकूनच ठेवाव्यात. तहानलेल्या पक्ष्याला खताचे पाणी आणि साधे पाणी यांत फरक कळत नाही.

खत वाहून तळ्यात आले की शेवाळ माजते. काठीने उचलल्यावर धाग्यांसारखे लोंबणारे शेवाळ बहुधा त्रासदायक असले तरी विषारी नसते. पण पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली आणि काठीला धागे लागले नाहीत, तर ते निळे-हिरवे शेवाळ असण्याची शक्यता धरावी. त्याच्या काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर आघात करणारी विषे तयार करतात, म्हणून गुरे आणि कुत्री त्या पाण्यापासून दूर ठेवावीत. अशा वेळी मोरचूद टाकण्याचा मोह आवरावा. शेवाळाच्या पेशी फुटल्या की आतले विष एकदम पाण्यात उतरते, आणि मोरचुदातील तांबे बेडूकमासे व मासे यांना मारते. खताचा ओघ थांबवावा, पाणी हलते ठेवावे आणि पाणवनस्पतींनी तळ्याचा साधारण तिसरा हिस्सा सावलीत आणावा. जलपर्णी मात्र त्यासाठी आणू नये. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे साडेसात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर पंपाने पाणी उंचावरून पाडावे. पंपाच्या फूटव्हॉल्व्हला (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेला) बारीक जाळीची टोपली बसवावी, म्हणजे बेडूकमासे ओढले जात नाहीत.

मेलेला पक्षी किंवा प्राणी पाण्यात राहू देऊ नये. उष्ण, कुजट, प्राणवायू संपलेल्या पाण्यात बोटुलिझम ही अंग लुळे पाडणारी विषबाधा घडवणारे जिवाणू वाढतात, मृत पक्ष्यावरच्या अळ्यांत त्यांचे विष साठते आणि अळ्या खाणारे पक्षी पुन्हा मरतात. राजस्थानातील सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी याच कारणाने मेले. हातमोजे घालून मृत पक्षी काढावा आणि पाण्यापासून दूर खोल पुरावा. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले तर हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. पाळीव कोंबड्या-बदकांना रानपक्ष्यांच्या तळ्यावर सोडू नये, कारण बर्ड फ्लूचा विषाणू पाण्यातून दोन्ही बाजूंनी पसरू शकतो.

डासांसाठी तळ्यावर तेल ओतणे पूर्णपणे टाळावे. तेलाने पक्ष्यांची पिसे चिकटतात आणि पाण्याखालचे कीटक गुदमरतात. गप्पी माशांचीही शिफारस आम्ही सरसकट करणार नाही, कारण ते बेडकांची अंडी आणि बेडूकमासेही खातात. चतुराच्या अळ्या असलेल्या तळ्यात डासांच्या अळ्यांवर बराच वचक राहतो. लहान भांड्यांतील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलून भांडे घासावे, एवढे तिथे पुरते.

गाळ आणि शेवाळ काढायचे असेल तर ते एका दमात करू नये. एका वेळी तळ्याचा तिसरा हिस्साच साफ करावा आणि बेडूकमासे दिसत असताना काम पुढे ढकलावे. काढलेले शेवाळ आणि वनस्पती एक-दोन दिवस काठावरच, पाण्याला लागून पडू द्याव्यात, म्हणजे त्यात अडकलेले किडे, गोगलगायी आणि बेडूकमासे पाण्यात परततात. त्यानंतर तो ढीग कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. एका तळ्यातील वनस्पती, बेडूक किंवा अंडी दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत, कारण बेडकांना मारणारा कायट्रिड बुरशीचा रोग अशा वाहतुकीतून पसरतो. दोन तळ्यांवर एकच टोपली आणि गमबूट वापरायचे असतील तर ते मधल्या वेळात धुऊन उन्हात पूर्ण वाळवावेत.