रिसर्च पेपर हातात पडला की आधी कुठे बघायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी "शास्त्रज्ञांनी शोध लावला" टाइप बातमी टाकतं आणि खाली मला टॅग करतं, हे खरंय का रे सांग. पूर्वी मी बिचारा मूळ पेपर शोधून पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायचो आणि तिसऱ्या परिच्छेदात डोळे मिटायचे. आता क्रम बदललाय. सुरुवातीचा सारांश वाचायचा, प्रस्तावना सरळ सोडून द्यायची (तिथे सगळ्यांचाच विषय जगातला सगळ्यात महत्त्वाचा असतो), आणि तडक तक्त्यांवर आणि प्रयोग कसा केला त्या भागावर जायचं. तिथे एकच विचारायचं, हा आकडा कुठे मोजला, कशावर मोजला आणि कशाच्या तुलनेत.

सोलरचं घ्या. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकापासून बनवलेल्या सोलर सेलची पहिली नोंद २००९ ची, जपानमध्ये मियासाकांच्या टीमची, तेव्हा एफिशियन्सी (उन्हातली किती ऊर्जा विजेत बदलते ती) ३.८ टक्के होती आणि आता २६ च्या पुढे गेलीये, म्हणजे प्रगती खरीच भारी आहे. पण पेपरमध्ये सेलचा आकार शोधा, बरेचदा तो करंगळीच्या नखापेक्षा लहान निघतो. मग टिकाऊपणा बघा. "१००० तास चालला" लिहिलं असेल तर भागाकार करा, ४२ दिवस झाले, आपला एक पावसाळासुद्धा नाही! आणि नेहमीच्या सिलिकॉनच्या पॅनेलला कंपन्या २५ वर्षांची परफॉर्मन्स वॉरंटी देतात.

तिसरी गोष्ट तापमान. लॅबमधली टेस्ट चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल २५ डिग्रीला अशी असते. मी मे महिन्यात दुपारी दीड वाजता गच्चीवर जाऊन पॅनेलला मागून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर ६३ दाखवत होता, हात लावायची सोय नाही. सिलिकॉन दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के पॉवर गमावतं, म्हणजे ३८ डिग्री जास्तीला १३ टक्के गेले, स्टिकरवर ५४० वॅट छापलेलं पॅनेल चांगल्या उन्हातही ४७० च्या आसपास. यात कोणी फसवलं नाही, स्टिकरवर अटी लिहिलेल्या असतात, आपण वाचत नाही.

अल्गोरिदमच्या पेपरात हाच घोळ वेगळ्या वेषात येतो. "आमची पद्धत फास्ट आहे" म्हणजे कागदावर का मशीनवर? लिनियर प्रोग्रॅमिंगसाठी (म्हणजे ठरावीक मर्यादांमध्ये सगळ्यात फायद्याचं उत्तर काढायची गणितं) डँटझिगची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ पासून मस्त चालत होती, १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम असं उदाहरण रचलं की २० व्हेरिएबलला १० लाखांवर पायऱ्या लागतील. मग १९७९ मध्ये खाचियानने वाईटातल्या वाईट केसलाही पायऱ्या अशा बेसुमार वाढणार नाहीत याची हमी देणारी पद्धत दिली, आणि ती प्रत्यक्षात सिम्प्लेक्सपेक्षा हळू निघाली! १९८४ मध्ये आपल्या नरेंद्र करमरकरांनी बेल लॅब्जमध्ये असताना हमीही आणि वेगही अशी पद्धत आणली, तेव्हासुद्धा वेगाच्या दाव्यावरून वाद झालाच. त्यामुळे स्पीडचा तक्ता दिसला की डेटा कुणाचा, तुलना नीट ट्यून केलेल्या कोडशी आहे का कोणाच्या तरी अर्धवट कोडशी, आणि स्वतःचा कोड दिलाय का, एवढं बघा. कोड नसेल तर मी तरी फार वेळ घालवत नाही.

आता औषधांचे पेपर, इथे मात्र घाई करायची नाही. ब्रिटनमधली रिकव्हरी ट्रायल आठवत असेल, २०२० ची, कोविडमध्ये डेक्सामेथासोन. बातमी आली "स्वस्त स्टिरॉइडने जीव वाचतो". आता तक्ता बघा. २८ दिवसांत व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये नेहमीच्या उपचारावर ४१.४ टक्के दगावले, औषध दिलेल्यांत २९.३. म्हणजे १०० मागे १२ जीव, प्रचंड फरक. फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ विरुद्ध २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात १४ विरुद्ध १७.८, औषध घेतलेल्यांचा आकडा उलट जास्त. हा शेवटचा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच होता, पण फायदा दिसला नाही हे नक्की. ही तिसरी ओळ कोणी फॉरवर्ड केली नाही, आणि २०२१ मध्ये आमच्या ओळखीतलेच लोक ताप आला की पहिल्या दिवसापासून घरी स्टिरॉइड घेत होते, शुगर असताना. नंतर म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) केसेस महाराष्ट्रात कशा वाढल्या ते सगळ्यांनी बघितलंय.

म्हणून ट्रायलमध्ये टक्केवारी आली की १०० माणसांत किती ते काढा. "धोका निम्मा झाला" हे २ वरून १ असलं तरी निम्माच की. शिवाय मोजलं काय तेही बघा. अमेरिकेत कास्ट नावाची ट्रायल झाली होती, हार्ट अटॅकनंतर ठोके चुकू नयेत म्हणून द्यायच्या गोळ्यांची. ठोके खरंच सुधारत होते, पण गोळ्या घेणारेच जास्त दगावले, १९८९ मध्ये त्यातली दोन औषधं थांबवावी लागली. ईसीजी छान दिसणं वेगळं आणि माणूस जगणं वेगळं.

भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) साइटवर पेपरमधला नोंदणी नंबर टाका, फुकट आहे. नोंदणी पेशंट घ्यायच्या आधी केलीये का नंतर ते तिथे दिसतं, आणि मुख्य काय मोजणार म्हणून लिहिलं होतं तेही. ते आणि पेपरमधलं शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर ग्रुपवर मी "थांबा" एवढंच लिहितो, काका चिडतात.