घोडी दाखवायची तर आत्ताच, लग्नसराई संपायची वाट पाहू नका

माघात दिवस मोठा होऊ लागला की थंडीत थांबलेला किंवा अनियमित झालेला घोडीचा माज पुन्हा सुरू होतो. आपल्याकडे मात्र वरातीची घोडी ठेवणारे अनेक जण लग्नसराई आटोपल्यावर, जूनमध्ये, घोडी दाखवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला, घोडा शोधायला निघतात. घोडीचा गाभणकाळ साधारण ११ महिने, सरासरी ३४० दिवस. म्हणजे जूनमध्ये फळलेली घोडी विणार मेमध्ये, अकोला-चंद्रपुरात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना. अशा दिवसांत दुधावरच्या घोडीला हिरवा चारा आणणार कुठून? फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत फळली, तर शिंगरू पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि ऊन तापेपर्यंत सावरते. यात नुकसानही आहे: तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम त्या घोडीला वरातीला जुंपता येणार नाही. ते परवडत नसेल तर यंदा दाखवूच नका.

माज दर २१ दिवसांनी येतो आणि ५ ते ७ दिवस टिकतो. घोडी शेपूट उचलते, थोडेथोडे मुतते, योनीची उघडझाप करते आणि घोडा जवळ आला तरी शांत उभी राहते. स्त्रीबीज माज संपायच्या एक-दोन दिवस आधी सुटते. त्यामुळे पहिल्याच दिवशी एकदा दाखवून घरी आणण्यात फायदा नाही. तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड दाखवा, ती घोड्याला झिडकारेपर्यंत. त्याआधी घोड्याची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाली आहे का ते विचारा. सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली असेल तर तिचीही करा. हा रोग माणसालाही होतो.

शेवटचे दाखवल्यावर साधारण १५ व्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर संस्था जवळ असेल तर उत्तम. जुळे असेल तर ते तेव्हाच कळते, आणि घोडीला जुळे बहुधा टिकत नाही, गाभ पडतो.

शेवटच्या तीन महिन्यांत चंदी (दाण्याचा खुराक) हळूहळू वाढवा. बुरशी लागलेले कुटार देऊ नका आणि कोंबडीखाद्य तर मुळीच नाही. त्यात मिसळलेले मोनेन्सिन हे औषध घोड्याच्या जिवावर बेतते. विण्याच्या महिना-दीड महिना आधी धनुर्वाताची लस टोचून घ्या.

विताना गाईचा हिशेब घोडीला लावू नका. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन रात्री जागे राहा, कारण घोडी बहुतेक रात्रीच विते. पाणमोट फुटल्यावर शिंगरू २० ते ३० मिनिटांत बाहेर यायला हवे. अर्धा तास झाला तरी येत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा. पांढुरक्या पिशवीऐवजी मखमली लाल पिशवी आधी दिसली तर ती लगेच फाडा. आत शिंगराचा श्वास कोंडतो.

तासाभरात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत चीक प्यावे आणि तीन तासांत वार पडावी. गाईची वार बारा तास थांबली तरी चालते, घोडीची नाही. गर्भाशयात पू होतो, खुरांना सूज येऊन घोडी कायमची लंगडते. लोंबती वार गाठ मारून वर बांधा, म्हणजे पायाखाली येणार नाही. दगड बांधून किंवा हाताने ओढू नका. शिंगराच्या नाळेला पोव्हिडोन आयोडीन लावा.

व्याल्यावर साधारण ७ ते १० दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. वार वेळेवर पडली असेल आणि डॉक्टरांनी गर्भाशय तपासले असेल तरच त्या माजावर दाखवा, नाहीतर तीन आठवड्यांनी येणारा पुढचा माज धरा.