फाउंडेशनसाठी देणगी मागताना या चुका टाळा

विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या रोटरी किंवा लायन्स क्लबात नेत्रशिबिर, रक्तदान किंवा वह्यावाटप यांसाठी पैसा उभा राहायला फारशी अडचण येत नाही. संध्याकाळी चार फोन केले की मंडपाचा खर्च एक जण उचलतो, जेवणाचा दुसरा उचलतो. त्याच सदस्यांकडे आपल्या संघटनेच्या फाउंडेशनसाठी, म्हणजे जगभरातील क्लबांच्या देणग्यांतून चालणाऱ्या तिच्या अमेरिकेतील सेवानिधीसाठी, देणगी मागितली की मात्र सभेत शांतता पसरते आणि जूनअखेर अध्यक्षांना स्वतःच्या खिशातून आकडा पूर्ण करावा लागतो. आमच्या रोटरी क्लबात मी तीन वर्षे फाउंडेशनचे काम पाहिले आणि खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक चुका पहिल्या वर्षी माझ्याच हातून झाल्या. आपला सदस्य देण्यास मागे हटणारा नाही, पण दिलेला पैसा कुठे जातो, कसा फिरतो आणि त्यातला किती परत येतो, हे त्याच्याजवळ बसून कोणी सांगितलेले नसते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. हे लेखन रोटरीच्या पद्धतीवर आधारलेले असले, तरी १९६८ साली स्थापन झालेल्या लायन्सच्या फाउंडेशनसाठी काम करणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

भरसभेत नावे आणि आकडे वाचणे

जुलैच्या पहिल्याच सभेत मी वरून आलेल्या उद्दिष्टाला सदस्यसंख्येने भागले आणि प्रत्येकाच्या नावासमोर रक्कम लिहून ती यादी मोठ्याने वाचली. कृषी केंद्र चालवणारे एक सदस्य, जे दर शिबिराला न सांगता आपली गाडी पाठवीत, समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत बसून होते. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलाच्या हाती त्यांनी रक्कम पाकिटात घालून पाठवली आणि त्यानंतरच्या चार सभांना ते आले नाहीत. भरसभेत नाव घेतले की माणसापुढे दोनच वाटा उरतात. लाजेखातर हो म्हणायचे, नाहीतर सर्वांदेखत नाही म्हणायचे, आणि यातली कोणतीही वाट त्याला क्लबाच्या जवळ आणत नाही.

सभेत फक्त क्लबाचे एकूण उद्दिष्ट सांगावे, तेही कामाची माहिती दिल्यानंतर. रकमेची गोष्ट सदस्याच्या घरी किंवा दुकानावर, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी, दोघांनी जाऊन करावी, आणि त्या दोघांनी स्वतःची देणगी आधी भरलेली असावी. ज्याने स्वतः दिले नाही त्याने मागू नये, हा नियम आम्ही नंतर कसोशीने पाळला. मागताना "जमेल तेवढे द्या" असे म्हणणेही बरोबर नाही, कारण त्यामुळे माणूस अडचणीत पडतो. कमी दिले तर कसे दिसेल आणि जास्त दिले तर घरी काय सांगायचे, या विचारात तो विषयच पुढे ढकलतो. दर वर्षी १०० डॉलर ही रोटरीत नियमित दात्यासाठी रुळलेली रक्कम आहे. रोटरीच्या त्या महिन्याच्या जाहीर दराने ती किती रुपये होते ते सांगावे, बाराने भागून महिन्याचा आकडा सांगावा, आणि तीही जड वाटत असेल तर कमी रक्कम तितक्याच आनंदाने घेऊ असे स्पष्ट म्हणावे.

एवढे केल्यावर "घरी विचारून सांगतो" असे उत्तर आले तर तो नकार समजू नये. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत भावाभावांचा व्यवहार एकत्र असतो आणि एवढा खर्च एकट्याने ठरवण्याची रीत नसते. अशा घरी पुन्हा जाताना वहिनी आणि मोठे भाऊ घरी असतील अशी वेळ निवडावी आणि माहिती सर्वांसमोर सांगावी.

काही क्लब देणगीची रक्कम वार्षिक वर्गणीतच मिसळून घेतात. ते सोयीचे वाटते, परंतु फाउंडेशनची देणगी ऐच्छिक आहे आणि ती सदस्यत्वाची अट होऊ शकत नाही. संमतीशिवाय कापलेले पैसे सदस्याच्या लक्षात राहतात.

पेरणीच्या दिवसांत मागणे

क्लबाचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. मुंबई-पुण्यातील क्लबांना याने काही फरक पडत नसेल, परंतु आपल्याकडे वर्षाची ही दोन्ही टोके खरिपाच्या तोंडावर येतात. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि मजुरीत गेलेला असतो, कृषी केंद्रवाल्याचा माल भरण्यात आणि उधारीत अडकलेला असतो, आणि नोकरदाराच्या घरी शाळा-कॉलेजची फी भरायची असते. पाकीट पाठवणाऱ्या त्या सदस्यांनी त्याच आठवड्यात बँकेची पूर्ण मर्यादा उचलून खताची गाडी उतरवून घेतली होती, हे मला दिवाळीनंतर कळले.

सोयाबीन घरात येते, सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापूस वेचणीला लागतो, आंबिया बहाराच्या संत्र्याचे व्यवहार होतात, आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते. पैसा हातात येतो तो या काळात, आणि उधारी वसूल होते तीही याच काळात. रोटरीत नोव्हेंबर हा फाउंडेशनचा महिना मानला जातो, तेव्हा आपल्या भागासाठी ही वेळ आयतीच जुळून आलेली आहे. जुलै ते ऑक्टोबर फक्त माहिती द्यावी आणि प्रत्यक्ष भेटी दिवाळी झाल्यावर सुरू कराव्यात. ज्या वर्षी कापसाला भाव नसेल किंवा अवकाळीने तूर झोपली असेल, त्या वर्षी शेतीवर अवलंबून असलेल्या सदस्यांकडे आपणहून जाऊन "यंदा राहू द्या" असे सांगण्याचा मोठेपणा क्लबाने दाखवावा. आम्ही त्या कृषी केंद्रावर डिसेंबरात गेलो तेव्हा पावतीपुस्तक मुद्दाम घरी ठेवले होते. आधी माफी मागितली, चहा घेतला आणि उठलो. पुढच्या सभेला ते आले. त्यांची देणगी त्यानंतरच्या वर्षी आली, ती आम्ही न मागता.

"अमेरिकेले काहून पाठवाचा?" या प्रश्नाला घाईचे उत्तर देणे

"आपल्या गावचा पैसा अमेरिकेले काहून पाठवाचा, भाऊ? इथं गरज नाही का?" हा प्रश्न प्रत्येक क्लबात येतो, आणि तो विचारणारा माणूस बहुधा सर्वात जास्त काम करणारा असतो. त्याला गप्प बसवणे ही एक चूक. "सगळा पैसा दुप्पट होऊन परत येतो" असे सांगणे ही त्याहून मोठी चूक, कारण ते खरे नाही आणि कधी ना कधी उघड होतेच.

खरी व्यवस्था अशी आहे. वार्षिक निधीत 'शेअर' पद्धतीने दिलेली देणगी साधारण तीन वर्षे गुंतवली जाते. त्यानंतर तिचा जवळजवळ निम्मा भाग आपल्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लब मिळून झालेल्या रोटरीच्या विभागाच्या, वाट्याला येतो आणि जवळजवळ तेवढाच जागतिक निधीत जातो. डिस्ट्रिक्ट आपल्या वाट्यातील काही भाग क्लबांच्या लहान कामांसाठी डिस्ट्रिक्ट ग्रँट म्हणून देऊ शकते. मोठ्या कामासाठी ग्लोबल ग्रँट असते. तिचे अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे असावे लागते, दुसऱ्या देशातील क्लब भागीदार असावा लागतो, आणि त्या कामासाठी घातलेल्या डिस्ट्रिक्टच्या पैशावर जागतिक निधीतून ८० टक्के भर पडते. म्हणजे बाहेर गेलेल्या पैशाचा काही भाग परत येतो आणि येताना दुसऱ्याचा पैसा सोबत आणतो, पण तोही आपण अर्ज केला तरच. क्लबाने ग्रँट व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घेतलेले नसेल आणि करारपत्रावर सह्या केलेल्या नसतील, तर वर्षानुवर्षे देणगी देऊनही हाती काहीच येत नाही. सदस्यांच्या तक्रारींपैकी अर्ध्या तक्रारींचे मूळ मला इथे सापडले. आमचा क्लब कित्येक वर्षे देत होता आणि मागत मात्र कधीच नव्हता.

इथे एक शब्दाचा घोळ होतो, तो सांभाळावा. 'डिस्ट्रिक्ट'ला सभेत 'जिल्हा' म्हटले की ऐकणाऱ्याला आपला महसुली जिल्हा वाटतो आणि निम्मा पैसा अकोल्याला किंवा यवतमाळला येणार, असा समज होऊन बसतो. रोटरीच्या ३०३० या डिस्ट्रिक्टमध्ये नागपूर आहे तसे नाशिकही आहे. तेव्हा हा शब्द इंग्रजीच राहू द्यावा आणि त्याचा विस्तार नकाशावर दाखवावा.

पोलिओ निधीचा पैसा मात्र या मार्गाने परत येत नाही, आणि हे आधीच सांगून टाकावे. त्या निधीतील प्रत्येक डॉलरमागे गेट्स फाउंडेशन ठरावीक मर्यादेपर्यंत दोन डॉलर घालते. रोटरीने पोलिओचे काम १९८५ साली हाती घेतले, भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक सदस्याच्या वर्गात किंवा गल्लीत पायाला कॅलिपर लावून चालणारा एखादा मुलगा होता. आपल्या खेड्यांतील बूथपर्यंत जे काम पोचले त्यात परक्या देशांतील अनोळखी माणसांनी दिलेला पैसाही होता, हे मी त्या प्रश्न विचारणाऱ्या काकांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी आपल्या वर्गमित्राचे नाव घेतले.

लहान क्लबाला आपली देणगी नगण्य वाटत असेल, तर सुरुवातीची हकीकत जरूर सांगावी. १९१७ साली रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी अटलांटाच्या अधिवेशनात या निधीची कल्पना मांडली, आणि त्यात पहिली भर पडली ती कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून, अवघ्या २६ डॉलर ५० सेंटची.

करसवलतीचे आमिष दाखवणे

"टॅक्स वाचेल" हे वाक्य आपल्या भागात जपून वापरावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ज्याची मिळकत केवळ शेतीची आहे त्याला या सवलतीचा काही उपयोग नाही. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे, त्यांनाही ८० जी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतील व्यापारी, डॉक्टर आणि नोकरदार यांना रोटरी फाउंडेशन इंडियाला दिलेल्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळू शकते, परंतु २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर तीही जाते.

पावतीची सर्वात सामान्य अडचण अशी की सर्वांचे पैसे क्लबाच्या खात्यात गोळा करून एकच चेक पाठवला जातो, आणि सोबत नाव, सदस्य क्रमांक, पॅन आणि प्रत्येकाची रक्कम यांची यादी नसते. मग पावती क्लबाच्या नावाने निघते, सदस्याच्या खात्यावर काहीच जमा दिसत नाही, आणि मार्चमध्ये त्याचे कर सल्लागार विचारतात तेव्हा आपल्याकडे उत्तर नसते. शक्यतो प्रत्येकाने स्वतःच्या बँक खात्यातून आणि स्वतःच्या सदस्य क्रमांकाने थेट भरावे. वयस्क सदस्यांसाठी क्लबातील एखाद्या तरुणाने मोबाईल घेऊन शेजारी बसावे. महिन्याभरात नोंद दिसली नाही तर पॅनमधील आणि सदस्य नोंदणीतील नावाचे स्पेलिंग आधी ताडून पाहावे.

पिनलाच उद्दिष्ट करणे

१,००० डॉलरच्या देणगीवर पॉल हॅरिस फेलो हा सन्मान आणि कोटावर लावायची पिन मिळते, लायन्समध्ये तेवढ्याच रकमेवर मेल्विन जोन्स फेलो. सन्मान चांगलाच आहे. मात्र सगळे कार्यक्रम त्याच पिनभोवती फिरू लागले की क्लबात दोन रांगा तयार होतात, आणि दर वर्षी न चुकता दोन हजार रुपये देणारे शिक्षक मागच्या रांगेत जातात. पॉल हॅरिस फेलोसाठीची रक्कम एकदम द्यावी लागत नाही. वर्षानुवर्षांच्या देणग्या मिळून ती पूर्ण होते, ही साधी गोष्टही कित्येकांना माहीत नसते.

देणगी घेतल्यावर गप्प बसणे

आमच्या भागात देणगीचा विषय निघाला की "मी शेगावला देतो" असे उत्तर हमखास येते. त्यावर वाद घालू नये, उलट त्यातून शिकावे. श्री गजानन महाराज संस्थानात गेलेल्या माणसाला पावती मिळते, स्वच्छता दिसते, सेवेकऱ्यांची शिस्त दिसते, आणि दिलेला पैसा कशात गेला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. आनंदवनाला किंवा अमरावतीच्या तपोवनाला देणारा माणूसही असेच काही पाहून आलेला असतो. आपण मात्र पैसे घेतो, फोटो काढतो आणि पुढच्या जुलैपर्यंत त्या सदस्याशी या विषयावर एक शब्द बोलत नाही.

पावती मी आता व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होत नाही. छापून, हाताने नेऊन देतो. त्याशिवाय आमच्या क्लबाने एक दिवस ठरवून घेतला आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली, आणि २३ फेब्रुवारी हीच गाडगेबाबांची जयंती आहे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या करून स्वतःजवळ खापर आणि खराटा एवढेच ठेवणाऱ्या या अमरावती जिल्ह्यातील माणसाच्या जयंतीला देणगीचा हिशेब मांडणे आम्हाला योग्य वाटले. त्या दिवशी फळ्यावर तीन रकाने काढतो: यंदा किती गेले, तीन वर्षांपूर्वी किती गेले होते, आणि त्यातून डिस्ट्रिक्टमध्ये कोणते काम झाले. तिसरा रकाना आमच्या क्लबापुरता पहिल्या वर्षी कोराच होता आणि तो आम्ही कोराच ठेवला.

तो कोरा रकाना पाहूनच एका सदस्याने खारपाणपट्ट्यातील शाळेचा विषय काढला. पूर्णेच्या खोऱ्यातील त्या गावात बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही आणि मुले घरून बाटली आणतात. प्रशिक्षण झाले आहे, करारपत्रावर सह्या झाल्या आहेत, आणि अर्जाला जोडण्यासाठी त्या शाळेच्या पाण्याचे नमुने आम्ही तपासणीला दिले आहेत.